देवीला दाखवलेला ट्रेलर

तैपेई, २४ फेब्रुवारी १९९८

ग्वेई आत्या,

फोनच केला असता, पण तिकडचा फोन दुकानात आणि दुकानात बाबा. मी "हॅलो" म्हटलं की ते जाळ्याची गाठ मारता मारता कान इकडे लावतात. म्हणून पत्र.

सोबतची कॅसेट अडीच मिनिटांची आहे. तीन वर्षं मी सिनेमांचे ट्रेलर बनवणाऱ्या या ऑफिसात चहा केला, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, दुसऱ्यांनी कापलेले तुकडे गोळा केले. आता होंग साहेबांनी पहिल्यांदा एक अख्खा ट्रेलर माझ्या एकटीच्या हातात दिलाय. सिनेमात सासू आणि सून आहेत. अकरा वर्षं दोघींचा अबोला. सासूचं लग्नातलं आरशाचं कपाट टेंपोत घालून दोघींना दक्षिणेतून तैपेईपर्यंत न्यायचंय. कपाटाला एक खण, खणाला कुलूप, किल्ली सासूच्या गळ्यात. बस, एवढंच.

साहेब म्हणाले, "हा सिनेमा दक्षिणेकडच्या, पन्नाशीपुढच्या बायकांचा. त्यांना थेटरात ओढायचं." ते बोलले आणि माझ्या डोळ्यांपुढे तुझी शेड उभी राहिली. तुम्ही सगळ्या बुटक्या स्टुलांवर बसून कालवं फोडताय. तर कॅसेट शेडमधल्या टीव्हीवर लाव, सगळ्यांना दाखव आणि कळव.

बाबांचं तुला माहीत आहे. ड्रॅगन-होड्यांच्या सणापर्यंत मला कायम केलं नाही, तर सामान बांधून घरी यायचं आणि जाळ्यांच्या दुकानात बसायचं. आत्या, मला जाळी विकायची नाहीत. मला हेच काम करायचंय.

खरं ते लिही. तुला खरं बोल म्हणून सांगावं लागत नाही, आता पुरे म्हणून सांगावं लागतं.

तुझी हुई-रु


बुदाई, ३ मार्च १९९८

हुई गं,

कॅसेट पोचली. तुझ्या बापाला दाखवली नाही. बोंगछी, आ-सुआन आणि बाकीच्या सहाजणींना दाखवली.

आधी गोड बातमी. सगळ्या रडल्या. बोंगछी तर अशी रडली की कालवात घालायची सुरी अंगठ्यात घातली. पट्टी बांधलीय, बरी आहे, तुझं नाव घेऊन शिव्या देतेय.

मग मी विचारलं, "काय गं बायांनो, सिनेमा लागला की जाऊ या ना?" तर आ-सुआन नाक पुसत म्हणते, "कशाला? झाला की बघून."

आता सांग, काय करू मी हिचं? पण ती चुकीचं काय बोलली? तुझं काय आहे, पहिल्याच दमाला पियानो. टिंग. टिंग. मधे एवढं अंतर, की मला वाटलं वाजवणारा पाणी प्यायला उठला. मग काळा पडदा, पांढरी अक्षरं, 'एक आई'. पुन्हा काळा. 'एक गुपित'. पुन्हा काळा. बोंगछीला वाटलं टीव्ही बिघडला, तिनं उठून त्याला दोन चापट्या मारल्या. मग तो घसा. "या उन्हाळ्यात..." अगं, हा तर खताच्या जाहिरातीतला बुवा! "आपल्या भाताला हवी माया" म्हणतो तोच. सगळ्यांनी ओळखला. मग पाऊस. पावसात सून धावते, पण इतकी हळू, इतकी हळू, की आ-सुआन म्हणाली, "गुडघा कापून आणल्यावर मी याहून जोरात चालत होते."

आणि मग खण उघडला. आत अकरा लाल पाकिटं. बोलत नव्हती म्हातारी, पण दर नव्या वर्षाला सुनेच्या नावाचं एक पाकीट पैसे घालून ठेवत होती. तिथं आम्ही फुटलो. फुटणारच ना. पण पोरी, अडीच मिनिटांत सगळं रडून झाल्यावर पुढं दोन तास थेटरात बसून काय शेंगा फोडायच्या?

आणखी एक. शेडमध्ये यावर दोन दिवस चर्चा चालू आहे. दोघी एका टेंपोत शेजारी शेजारी, बोलणं बंद, मग लघवीला थांबायचं ते कोण कुणाला सांगतं? ते का नाही दाखवलंस?

तुझे आतोबा तीनचाकीला पाटी आणि कर्णा बांधून तीस वर्षं गल्लोगल्ली सिनेमा सांगत फिरले. आई-मुलीचा सिनेमा असला की तेसुद्धा ओरडायचे, "बायांनो, रुमाल तीन आणा!" त्याशिवाय बाया चुलीपुढून उठायच्या नाहीत. पण शेवट जवळ आला की पायडल मारायचे. "आणि आईनं दार उघडलं, तर समोर..." की निघाले पुढच्या गल्लीत. आम्ही पोरी मागनं धावायचो, "समोर कोण? ओ, समोर कोण?" मी तर इतकी लांब धावले की लग्नच झालं.

जेवत जा वेळेवर.

आत्या


तैपेई, ३० मार्च १९९८

आत्या,

बोंगछी काकूंच्या अंगठ्याला माझा नमस्कार सांग.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. साहेबांच्या मागच्या भिंतीवर एक तक्ता आहे. बायकांसाठी पाऊस, पियानो, आई. पुरुषांसाठी आग, गाडी आणि मागे वळून न बघणारा माणूस. पोरांसाठी समुद्र, गाणं, शाळेचा गणवेश. तू हसशील, पण ते खोटं नाही गं. बघणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत कळायला हवं, हा माझ्यासाठी आहे की शेजाऱ्यासाठी. पाऊस दिसला की तुम्ही ओळखता, हा आपला. आतोबांचे तीन रुमाल म्हणजे तरी दुसरं काय होतं?

पण रुमालांनंतर ते पायडल मारायचे, तेच मला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून पुन्हा कापला. पाऊस ठेवला, पियानो ठेवला, खताचा बुवा काढला. तुमच्या दोन दिवसांच्या चर्चेचं उत्तर सिनेमात आहे, आणि सगळ्यात मजेचं तेच आहे. सासू टेंपोच्या आरशाकडं बघून म्हणते, "कुणाला तरी थांबायचंय." सून आरशालाच म्हणते, "कुणीतरी निघताना जाऊन यायला हवं होतं." ते घातलं. शेवटी सासू गळ्यातली किल्ली काढते, खणाला लावते, टक् आवाज होतो. आणि काळा पडदा. संपलं.

होंग साहेबांनी एकदाच बघितला. "खण बंद? मग बायका रडणार कशा? आणि रडायच्या सिनेमात हसू कशाला? गिऱ्हाईक गोंधळतं." नापास. आता पहिलाच ट्रेलर मेमध्ये निर्मात्या श्याओ बाईंकडे जाणार. त्यांना आवडला तर मी कायम. बंद खणाचा मी पुसून टाकायला हवा होता, पण हात धजला नाही. एक कॉपी तुला पाठवतेय.

आत्या, ही कुणालाही दाखवू नकोस. नापास झालेलं काम ऑफिसबाहेर गेलं, तर नोकरीवरून काढतात. फक्त तू बघ.

हुई-रु


बुदाई, २१ एप्रिल १९९८

हुई गं,

कुणालाही दाखवली नाही. शेडमधल्या एकीलासुद्धा नाही. फक्त देवीला दाखवली.

लगेच ओरडू नकोस, आधी वाच. परवा आपल्या समुद्रदेवीचा, माझूचा वाढदिवस होता. या वर्षी एका होडीवाल्यानं नवस फेडला, देवीसाठी सिनेमा लावला. आ-शेंगनं देवळासमोर पडदा बांधला. त्याच्याकडं आता रीळही चालतं आणि कॅसेटही. तुला ठाऊक आहे, आधी आठ सिद्धांचा शुभ तुकडा लावायचा, मग सिनेमा. त्या वेळी समोर देवी आणि दोन कुत्री, माणसं जेवून येतात. मी म्हटलं, पोरीचं काम अडलंय, देवीच्या कानावर घालावं. आ-शेंगला कालवांचं आम्लेट खायला दिलं, आणि सिद्धांच्या मागोमाग तुझी कॅसेट.

पण त्याच वेळी मिरवणूक परत आली आणि पटांगण भरलं. त्याला मी काय करू?

आरशाच्या प्रसंगाला अशी हसली माणसं, की ढोलवाल्याच्या हातातली काठी पडली. मग किल्ली. टक्. काळा. आ-शेंगनं तलवारबाजीचा सिनेमा सुरू केला, पण बघतंय कोण? "खणात काय आहे? ए, खणात काय आहे?" मग देवळाचे छाई आजोबा काठी आपटत आले. सिनेमा थांबवला. म्हणाले, "देवीला अर्धं दाखवलंत? नैवेद्याचं ताट पुढं ठेवायचं आणि झाकण काढायचं नाही, हा काय प्रकार? तिला पुढचं दाखवावं लागेल."

कुणीतरी म्हणालं, तिला बघायचंय की नाही ते कुणाला ठाऊक? म्हणून कौल लावला. आजोबांनी कौलाचे दोन लाकडी ठोकळे टाकले, दोन्ही सपाट बाजूनं वर. म्हणजे देवी हसली. आजोबा म्हणाले, "हसली म्हणजे होकार नव्हे." मी म्हटलं, "आजोबा, आरसा बघून तुम्हीसुद्धा दात काढत होतात, मग तिनं का हसू नये? हसून झालं असेल आता तिचं, पुन्हा विचारा." पुन्हा टाकले. एक उताणा, एक पालथा. होकार. दुसऱ्यांदा होकार. तिसऱ्यांदा होकार! फटाके लावले गं लोकांनी.

आता गाव बोंगछीच्या मागं लागलंय, कारण आत काय आहे ते शेडमधल्या सगळ्यांना माहीत असलं, तरी जीभ हिचीच सैल. एवढा मान तिला लग्नातही मिळाला नव्हता. मी तिला देवीची शपथ घातलीय. दिवसातून तीनदा येऊन विचारते, "अजून सांगायचं नाही का?"

आजोबांनी देवळाच्या कागदावर, लाल शिक्का मारून, श्याओ बाईंच्या कंपनीला पत्र टाकलंय. नाव कॅसेटच्या डबीवर होतं. तुझं नाव कुठंही घातलेलं नाही. बघ, किती जपून वागते मी.

आत्या


तैपेई, २९ एप्रिल १९९८

आत्या,

माझं नाव घालायची गरजच नव्हती. देवळाच्या पत्रात होतं, 'ज्यात खण बंद राहतो तो ट्रेलर देवीनं पाहिला आहे. पुढचं पाठवावं.' श्याओ बाईंनी साहेबांना फोन केला, "माझ्या सिनेमाचा बंद खणाचा ट्रेलर कुठला?" या ऑफिसात बंद खण कापणारी एकच आहे आणि ती बुदाईची आहे.

बाई परदेशातून पुढच्या पंधरवड्यात येतील आणि दोन्ही ट्रेलर बघतील. तोपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय. माझं काम दुसऱ्याला दिलंय. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सण तीस मेला आहे.

तुला गंमत वाटली. मी सांगितलं होतं, फक्त तू बघ. माझ्याकडं हे एवढंच होतं, आत्या.

हुई-रु


बुदाई, ४ मे १९९८

हुई,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

एक गोष्ट मी लपवली. पटांगण रिकामं असेल असं मला वाटलं नव्हतं. मिरवणुकीचे ढोल मासळीबाजारापाशी आले, ते ऐकूनच मी आ-शेंगला "लाव" म्हटलं. लोकांनी बघावं असं वाटत होतं. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. आतोबांची तीनचाकी भंगारात गेल्यावर आपल्या घरातल्या कुणाच्या हाकेला माणसं जमली नव्हती. तुझी कॅसेट एकटीनं बघितली आणि मला राहवलं नाही. मला मिरवायचं होतं आणि मी देवीच्या आडून मिरवून घेतलं.

श्याओ बाईंना मी वेगळं पत्र लिहिलंय. आतोबांनी पाट्या रंगवायला शिकवलं होतं तशा मोठ्या अक्षरात, म्हणजे वाचायचं टाळता येणार नाही. लिहिलंय की पोरीनं दाखवू नको म्हणून बजावलं होतं, मी ऐकलं नाही. शिक्षा द्यायची तर मला द्या. मी सहासष्ट वर्षांची आहे, मला काढून टाकायला नोकरी नाही, पण तुम्ही शिकलेल्या आहात, काहीतरी शोधाल.

तुझ्या बापानं विचारलं, "पोरीचा काही निरोप?" मी म्हटलं, कामात आहे.  हातातल्या जाळ्याची सगळी ओळ त्यानं चुकवली आणि उसवून पुन्हा बांधली.

तू परत आलीस तर मी दुकानात तुझ्या शेजारी बसेन. पण तू येऊ नयेस असं रोज देवीला सांगते. आता फक्त सांगते. दाखवत काही नाही.

आत्या


तैपेई, १६ मे १९९८

आत्या,

बस खाली, मग वाच.

काल श्याओ बाई आल्या. मी दारातच उभी. आधी उघड्या खणाचा बघितला, डोळे पुसले, म्हणाल्या, "छान." साहेबांनी माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. मग बंद खणाचा लावला. संपला. बाई खुर्चीत पुढं सरकल्या. मग म्हणतात, "होंग, मी हा सिनेमा काढलाय. आत काय आहे ते मला माहीत आहे. तरी आत्ता मला उठून तो खण उघडावासा का वाटला?"

साहेब म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

आत्या, शपथेवर सांगते, असंच म्हणाले.

मग बाईंनी पर्समधून तुझं पत्र काढलं. त्या तैनानच्या आहेत, त्यांची आई अजून दर महिन्याला माझूच्या देवळात जाते. म्हणाल्या, "देवीनं तीनदा हो म्हटल्यावर मी नाही म्हणायचं, तर आईला तोंड दाखवायचं कसं?" सत्तावीस तारखेला सिनेमा तुमच्या पटांगणात दाखवायचा ठरलंय, थेटरात लागायच्या आधी. पुढं माझा ट्रेलर. साहेब स्वतः येणार. लोक खरंच त्या खणासाठी येतात की देवळाच्या चहासाठी, ते त्यांना डोळ्यांनी बघायचंय. आले, तर मी कायम. नाही आले, तर उघडा खण थेटरात आणि मी जाळ्यांच्या दुकानात.

मला येता येणार नाही, दुसरं काम गळ्यात घातलंय. तूच बघ आणि लिही. गर्दी जमवायला घरोघर फिरू नकोस. खरोखर येतील तेवढीच येऊ देत.

माझा राग गेलाय. थोडासा आहे, पण तो मी ठेवणार आहे.

हुई-रु

ता. क. तुझ्या शिक्षेचं बाई शोधतायत म्हणे.


बुदाई, २८ मे १९९८

हुई गं,

घरोघर फिरले नाही. शेडमधून उठलेसुद्धा नाही. माझी जीभ दातांत धरून ठेवली, सगळ्या बायांनी वैद्य बोलावू का म्हणून विचारलं.

काल दिवेलागणीच्या आधीच माणसं आपापली स्टुलं घेऊन यायला लागली. पहिली रांग देवीची, ती रिकामी. मागं देवळाची मंडळी. त्याच्या मागं सगळं पटांगण, मासळीबाजाराच्या भिंतीपर्यंत. पलीकडच्या गावांतून टेंपो भरून बाया आल्या, आणि टेंपोत बसल्या बसल्याच भांडत होत्या. एक म्हणे खणात दागिने, एक म्हणे नवऱ्याची जुनी प्रेमपत्रं. छाई आजोबांचं म्हणणं, दात असणार. कुणाचे दात, ते सांगत नाहीत.

तुझे साहेब काळे चकचकीत बूट घालून आले. मी त्यांना बोंगछी आणि आ-सुआनच्या मधे बसवलं, हलायला जागा नको. त्यांनी बोंगछीला विचारलं, "काकू, आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे ना? मग तुम्ही कशाला आलात?" ती म्हणाली, "माहीत आहे म्हणून तर आले. या सगळ्यांची तोंडं कशी होतात ते मला बघायचंय. महिनाभर पोटात ठेवलंय मी हे." साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी मागं वळून गर्दी बघितली आणि वही मिटली.

आधी तुझा ट्रेलर, मग सिनेमा. खण उघडला तेव्हा काय झालं ते लिहीत नाही. सुना सासवांकडं बघत नव्हत्या आणि सासवा सुनांकडं. आजोबांनी दातांचं काही काढलं नाही.

आता तुझ्या बापाचं सांगते. तो येणार नव्हता. पण पूर्ण वेळ मागच्या खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. सिनेमा संपला तसा माझ्याकडं आला.

"यात पोरीनं काय केलं?"

"सुरुवातीचं, आ-कुन. अडीच मिनिटांचं."

"माझं लक्ष नव्हतं." चांगलं लक्ष होतं, मी बघत होते. "पुन्हा लावायला सांग."

आ-शेंगनं पुन्हा लावला. माणसं स्टुलं उचलत होती, ती परत बसली. तुझा बाप पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. किल्ली, टक्, काळा. तो तसाच वर बघत राहिला. मग साहेबांना म्हणतो, "नाव कुठं आलं?"

"ट्रेलरवर नाव नसतं, च्वांग साहेब. कुणाचंच नसतं. पण सणाच्या आधी कायम झाल्याचा कागद तिच्या हातात पडेल, मी स्वतः सही करणार."

"कागद ठीक आहे. नाव माझ्याकडून सुटलं असेल. पुन्हा लावा."

साहेबांनीच आ-शेंगला खूण केली. आ-शेंगनं तिसऱ्यांदा लावला. आता सगळ्यांना प्रत्येक शब्द पाठ. "कुणीतरी निघताना जाऊन यायला हवं होतं!" अख्खं पटांगण एका सुरात. किल्ली. टक्. काळा.

आणि त्या काळ्यावर तुझ्या बापानं आ-शेंगचा माइक उचलला. हरवलेली मुलं आणि वाटेत लावलेल्या स्कूटरी ज्याच्यावर पुकारतात, तो. स्वतःच्या लग्नात हा माणूस दोन शब्द बोलला होता, आणि त्यातला एक माझ्याशी, पाणी मागायला.

"च्वांग हुई-रु," म्हणाला.

माइक किंचाळला. तो थांबला, त्याचं किंचाळणं पुरतं होऊ दिलं. मग पुन्हा म्हणाला, "च्वांग हुई-रु. हे तिनं केलंय. माझी मुलगी आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. लोकांना वाटलं, हे ट्रेलरमधलंच आहे. मग बोंगछी स्टुलावर उभी राहून ओरडली, "ए आ-शेंग, पुन्हा लाव! आता नावासकट!"

त्यानं चौथ्यांदा लावला. आणि तुझा बाप शर्टाची वरची गुंडी लावून, माइक हातात धरून, काळ्याची वाट बघत उभा राहिला.

आत्या